सोवळ्यातली सायकल

"हात मागे!"

गमरे सिस्टर मला पहिल्यांदा जे बोलल्या ते एवढंच. नाव विचारणं नाही, 'या, बसा' नाही. शेजारी नवं बिऱ्हाड आलं होतं, त्यांच्याकडे तरी नळाला पाणी आहे का, एवढंच विचारायला मी गेले होते. दार सताड उघडं होतं. हॉलमध्ये छताला पाळण्यासाठी हूक असतो ना, त्या हुकाला जुन्या साडीच्या पट्ट्यांनी एक सायकल टांगलेली होती. रेसची सायकल, खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची. पुढच्या चाकाच्या मधोमध एक भोकाभोकांची थाळी होती, इतकी चकचकीत की माझं बोट आपसूक तिच्याकडे गेलं. ते पोचायच्या आत आवाज आला.

मी तव्यावरून उचलावा तसा हात उचलला. मनात म्हटलं, ही बाई आहे की हवालदार?

"सॉरी हं," त्या म्हणाल्या, पण आवाजात सॉरी अजिबात नव्हतं. "ती डिस्क आहे. ब्रेक तिला धरतो. तुझ्या बोटाचं तेल तिला लागलं की ते ब्रेकच्या पॅडमध्ये मुरतं. मग उतारावर कितीही दाब, सायकल थांबत नाही. पाणी आलंय आमच्याकडे. बादली घेऊन ये."

उताराचं त्या उगाच बोलत नव्हत्या. आमची सोसायटी दिंडोशीच्या टेकडीवर आहे. गेटमधून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता जो खाली सुटतो तो थेट बसच्या रस्त्याला जाऊन मिळतो. मधे वळण नाही, सपाटी नाही. रिक्षावाले वर यायला नाकं मुरडतात. सायकल होती सिस्टरांच्या मुलीची, ऋतुजाची. ती कॉलेजात होती आणि सायकलिंगच्या स्पर्धांत उतरायची. रोज पहाटे ती त्याच रस्त्यावरून खाली जायची.

सिस्टर महापालिकेच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज होत्या. उंचीने बेताच्या, केस घट्ट बांधलेले, चालताना चप्पल वाजायची नाही. मिस्टर गमरे नाशिककडे नोकरीला असत आणि महिन्या-दोन महिन्यांनी येत. घरात मायलेकीच. आणि यातली खरी गंमत अशी की सायकलीचा एवढा सोहळा करणाऱ्या या बाईंना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती. कधी शिकल्याच नाहीत. "का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राहिलं." विषय बंद करायची त्यांची ही पद्धत होती. एक शब्द आणि वर टाका घातल्यासारखं मिटलेलं तोंड.

दर रविवारी सकाळी ऑपरेशन चाले. हॉलमध्ये हिरवं जाड कापड अंथरायचं. त्यावर स्टीलच्या ट्रेमध्ये हत्यारं ओळीने: षट्कोनी पाने, चिमटा, जुने टूथब्रश, चेन मोजायची पट्टी, तेलाची बारकी बाटली, स्पिरिट. सुरू करायच्या आधी सगळं मोजायचं आणि संपल्यावर पुन्हा मोजायचं. ऋतुजा फोनमध्ये डोकं घालून सोफ्यावर पडलेली असायची. सिस्टर तिच्याकडे न बघता विचारायच्या, "काउंट?" तिने उठून, मोजून, "काउंट बरोबर" म्हटल्याशिवाय हिरवं कापड गुंडाळलं जायचं नाही. एकदा एक चिंधी कमी भरली, तर सिस्टरांनी पूर्ण सायकल परत खोलली. चिंधी निघाली ऋतुजाच्या बसल्या जागेखाली. "आई यार, चिंधीच आहे ना ती!" ऋतुजा म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "चिंधीच राहते नेहमी. पोटात कधी कैची नाही राहत."

चेन आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासायची, पुसून कोरडी करायची, मग एकेका कडीवर तेलाचा थेंब, आणि मग ते सगळं तेल पुन्हा पुसून काढायचं. मला हे काही झेपेना. घालायचं कशाला आणि पुसायचं कशाला? "तेल आत हवं. बाहेर राहिलं तर त्याला धूळ बसते आणि धूळ चेन खाते," त्या म्हणायच्या. डिस्क मात्र सगळ्यात आधी, स्वच्छ हातांनी, स्पिरिटने. चेनच्या चिंध्या वेगळ्या, डिस्कच्या वेगळ्या. चेनला लागलेला हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याखेरीज डिस्कच्या आसपास न्यायचा नाही. डिस्क मला तर आधीच लखलखीत दिसायची. तसं बोलून दाखवलं की त्या म्हणत, "दिसायला स्वच्छ ते स्वच्छ असतंच असं नाही, मृणाल. थिएटरमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

हा सगळा प्रकार आमच्या माई एक दिवस दारात उभ्या राहून बघत होत्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई, खेडच्या बाजूच्या. गौरी-गणपतीत अजून त्या रेशमी नेसून, कुणाला न शिवता स्वयंपाक करतात, आणि आम्हाला ओट्याच्या आसपास फिरकू देत नाहीत. त्या दिवशी सिस्टरांचं ते वेगळ्या चिंध्या, वेगळे हात बघून माई हसून म्हणाल्या, "गमरेबाई, हे तर अगदी सोवळंच झालं हो!"

सिस्टर चाक फिरवत होत्या. ते पूर्ण थांबू दिलं. मग म्हणाल्या, "सोवळंच माई. फक्त तुमचं वर्षातून चार दिवस, आमच्या सायकलीचं बाराही महिने. आणि हे सगळ्यांना सारखं आहे. मला पण."

माई हसल्या, पण जरा उशिराच. मी घाईघाईने पाण्याचा विषय काढला. आमच्या मजल्यावर पाण्याचा विषय नेहमी कामाला येतो.

आता खरं ते सांगायला हवं. आमच्या घरात जातीचा विषय कधी निघत नाही, आणि न निघताही तो घरात असतोच. सिस्टरांच्या दारावर 'गमरे' अशी पाटी लागली आणि माईंचे उपास वाढले. सिस्टरांनी चहा विचारला की माईंचा सोमवार. सरबत विचारलं की चतुर्थी. एकदा तर बुधवारचा उपास निघाला. सिस्टर एकदाही "बुधवारचा कसला हो?" असं म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या मान हलवायच्या. पण प्रत्येक वेळी विचारायच्या मात्र. चुकूनही विचारायचं सोडलं नाही त्यांनी.

मग माईंना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन निघालं, ते सिस्टरांच्याच हॉस्पिटलात. टेबलावर घेतल्यावर माई थरथरायला लागल्या, तेव्हा मास्कमागून ओळखीचा आवाज आला, "माई, मी आहे. माझा हात धरा." माईंनी तो भूल चढेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर काठी टेकत टेकत त्या पहिल्यांदा गेल्या त्या शेजारी, आणि जाऊन म्हणाल्या, "चहा टाक गो." गमरेबाईंची त्या दिवशी 'गो' झाली. बशीत ओतून, फुर्र आवाज करत माईंनी दोन कप चहा प्यायला. सिस्टर गॅसपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांना साखरेचा डबा बराच वेळ सापडेना.

यानंतर सगळं गोडीगुलाबीने चाललं असतं, पण पावसाळ्याच्या तोंडावर सेक्रेटरी पाटकरांनी लिफ्टपाशी नोटीस लावली. 'सायकलस्वारांनी गेटच्या उतारावर सायकल चालवू नये. उतरून, हातात धरून न्यावी.' कुणाच्या तरी नातवाने तिथे गुडघा फोडून घेतला होता. सूचना तशी शहाणपणाची होती, मलाही काही गैर वाटलं नाही. पण सिस्टर मीटिंगला आल्या. यापूर्वी त्या कधीच मीटिंगला आल्या नव्हत्या.

"पाटकर, स्कूटरवाले उतरणार का?"

"स्कूटरचं वेगळं आहे ना सिस्टर. सेफ्टीचा प्रश्न आहे. तुमच्याच मुलीसाठी बोलतोय."

"माझ्या मुलीचे ब्रेक मी दर रविवारी बघते. तुमच्या स्कूटरचे कोण बघतं?"

दोघं-तिघं हसले. पाटकरांचा चेहरा पडला. "उतरायला काय प्रॉब्लेम आहे पण? दोन मिनिटांचं तर काम आहे!"

"माझी मुलगी उतरणार नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खुर्चीच्या पाठीवरचा हात पांढरा पडला होता. "काय दंड लावायचा तो लावा." आणि त्या निघून गेल्या. मागे कुणीतरी म्हणालं, "वाट लागली पाटकर तुमची." मला मात्र हसू आलं नाही. एवढ्याशा गोष्टीवर ही शांत बाई एवढी का पेटली, हे मला कळेना.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. माईंनी, त्या जाणारच, चहाला जाऊन विचारलंच. मी सोबत होते. सिस्टर चेन पुसत होत्या. पुसता पुसताच बोलल्या.

"बाबा गिरणीत होते. मे महिन्यात गावी जायचो. तिथे त्यांची सायकल होती. मला दांड्यावर बसवून बाजाराला न्यायचे. वाटेत तुमचं गाव लागायचं, माई. तुमची वरची आळी आली की बाबा उतरायचे. मलाही उतरवायचे. सायकल हातात धरून, खाली बघत आळी संपेपर्यंत चालायचं. आळी संपली की परत बसायचं. मी विचारायचे, बाबा, का उतरलो? ते म्हणायचे, चेन पडलेय."

माईंनी बशी खाली ठेवली.

"मला खरंच वाटायचं. लहान होते ना. मग मी निघायच्या आधी चेन पुसायला लागले. आईच्या बाटलीतलं खोबरेल घालायचे. म्हटलं, आज तरी पडू नये. मोठी झाल्यावर कळलं. नंतर ते सगळं बंद झालं, पण मी काही परत सायकलवर बसले नाही."

मग माई म्हणाल्या, "आमच्या ओटीवरून दिसायचं."

सिस्टरांचा हात थांबला.

"नवी नवी लग्न होऊन आले होते मी. लोकं सायकली धरून चालत जाताना दिसायची. मला वाटायचं, चढ आहे म्हणून उतरतात." माईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "चढ नव्हता. सपाट होतं. ते मला दिसत होतं."

सिस्टरांनी चेन पुरी पुसली, हात धुतले, आणि माईंचा कप उचलून आत नेला. 'असू दे माई, जुन्या गोष्टी' असं काही त्या म्हणतील असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. घरी आल्यावर माई जेवल्या नाहीत. त्या दिवशी मात्र कुठलाच उपास नव्हता.

तेव्हापासून माईंना काहीतरी करायचं होतं. काय करायचं ते त्यांचं त्यांनाच कळत नसावं. कधी ऋतुजाला लाडू दे, कधी पाटकर दिसले की "ती नोटीस काढा आधी" म्हणून त्यांच्या मागे लाग. असं करत करत दसरा आला.

दसऱ्याला माई आमच्या स्कूटरला, शिवणाच्या मशीनला, मिक्सरलासुद्धा हळदकुंकू वाहतात. गमऱ्यांकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पूजा-बिजा त्यांच्यात नाही. मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून सकाळी विहारात गेल्या. निघायच्या आधी सिस्टरांनी सायकल धुऊन, पुसून, सगळं काउंट करून वाळायला म्हणून पॅसेजमध्ये उभी केली होती. दुसऱ्या दिवशी ऋतुजाची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. निवड झाली तर पुण्याला होस्टेल, कोच, सगळंच. वर्षभर त्या घरात याशिवाय बोलणं नव्हतं.

आणि माई तबक घेऊन पॅसेजमध्ये गेल्या. पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. त्या सायकलीला त्यांना मनापासून नमस्कार करायचा होता. पण सिस्टरांना कुंकू चालणार नाही, हेही कळत होतं. म्हणून दर्शनी हँडलवर न लावता, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, चाकामधल्या त्या थाळीला एक बोट. कोरड्या लोखंडावर कुंकू ठरेना म्हणून समईतल्या तेलात बोट बुडवलं. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. मग मनात आलं, नकोच, तिचं मन दुखेल. म्हणून पदराने दोन्ही थाळ्या गोल गोल फिरवून नीट पुसून काढल्या. कुंकू गेलं. थाळ्या आधीपेक्षाही चमकायला लागल्या.

दुपारी मायलेकी परत आल्या. ऋतुजाने कपडे बदलले. उद्यासाठी पाय मोकळे करायला एक चक्कर मारून येते म्हणाली, दोन्ही ब्रेक दाबून बघितले आणि सायकल लिफ्टमध्ये घातली. ब्रेक दाबायला घट्टच लागत होते. जागच्या जागी तेवढंच कळतं. सिस्टर खिरीचं पातेलं घेऊन आमच्याकडे आल्या. माईंनी पुढे होऊन पातेलं घेतलं आणि सिस्टरांची नजर त्यांच्या पदरावर गेली.

"माई, पदराला काय लागलं?"

"काही नाही गो. कुंकू असेल."

"कुंकू लाल आहे. हे काळं काय आहे?"

लाल डागाशेजारी काळपट राखाडी फराटा होता. मला तो दिसलाही नसता. सिस्टरांनी पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. माईंचा चेहरा उतरला.

"सायकलीला लावलं होतं जरासं. पुसलं हो लगेच! काही राहिलं नाही."

"कुठे लावलं?"

"त्या थाळीला."

"कशाने?"

माई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "समईतलं तेल."

माईंच्या हातातलं पातेलं कधी पडलं ते मला आठवत नाही. सिस्टर गॅलरीकडे धावल्या, मी त्यांच्यामागे. आमची गॅलरी बरोबर गेटवर येते. खाली वॉचमन गेट उघडत होता. ऋतुजाने हेल्मेटचा पट्टा लावला, एक पाय पेडलवर ठेवला. मी फोन लावला. तो तिच्या पाठीच्या खिशात वाजत असणार. सिस्टर ओरडल्या, "ऋतुजा!" तिने वर बघून हात हलवला, हसली, आणि निघाली. तिला वाटलं, आई शुभेच्छा देतेय.

उतार सुरू झाला. खाली बसच्या रस्त्यावरून एक लाल बस वळताना मला दिसली. सिस्टरांनी दोन्ही हातांनी ग्रिल धरलं आणि जो शब्द त्यांनी त्या मुलीला जन्मात कधी म्हटला नव्हता, पाटकरांना भर मीटिंगमध्ये जो नाकारला होता, तो त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

"उतर! ऋतुजा, उतर! उतर गं!"

ऋतुजाने तो ऐकला. नंतर ती म्हणाली, आईच्या तोंडून 'उतर' ऐकलं तेव्हाच कळलं की काहीतरी भयंकर झालंय. तिने ब्रेक दाबले. सायकल किंचाळली आणि धावतच राहिली. मग तिने एक पाय सोडवून रस्त्यावर घासला आणि रस्त्याच्या कामासाठी कडेला टाकलेल्या वाळूच्या ढिगात हँडल घातलं. वर गॅलरीतून फक्त धुरळा दिसला. बस खालून निघून गेली.

धुरळ्यातून ऋतुजा उभी राहिली. एक गुडघा आणि कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होती. मी मोठ्याने रडायला लागले. सिस्टर रडल्या नाहीत. त्या ग्रिल धरून बघत होत्या. खाली त्यांची मुलगी सायकल हातात धरून, खाली मान घालून, सगळ्या बिल्डिंगसमोरून चालत वर येत होती. माई आमच्या मागे उभ्या होत्या. त्यांनाही ते दिसत होतं.

पाटकर लगेच वर आले. "मी म्हणूनच सांगत होतो सिस्टर, उतरून हातात धरून..."

"पाटकर," माई मधेच म्हणाल्या, "चूक त्या पोरीची नाही, सायकलीची नाही. माझी आहे. तेल मी लावलं. आता जा तुम्ही." माईंचा असा आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. पाटकर गेले.

सिस्टरांनी आधी ऋतुजाची जखम धुतली, मग हिरवं कापड अंथरलं. चाकं काढली. जुने पॅड चिमट्याने काढून कचऱ्यात टाकले, ट्रेमधून नवे काढले. स्पिरिटचा वास पॅसेजभर पसरला. माई त्यांच्या उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. रोज ज्या घरात त्या न विचारता शिरत, तिथे आज पाय पुढे पडेना. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता सगळं संपलं. एवढ्या वर्षांचं मनात साठलेलं आज बाहेर पडणार, आणि पडलं तर सिस्टरांचं काय चुकलं?

"मी आत येऊ का गो?" माईंनी विचारलं.

सिस्टरांनी वर बघितलं नाही. "हात धुऊन या," त्या म्हणाल्या.

माई आत गेल्या, बेसिनपाशी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, दोनदा. येऊन गुडघे धरत हिरव्या कापडाशी बसल्या. सिस्टरांनी त्यांच्या हातात स्पिरिटमध्ये भिजवलेला गॉझ दिला, आणि पुढचं चाक त्यांच्यासमोर धरलं.

माईंचा हात मधेच थांबला. "मी शिवू?"

"आता शिवा," सिस्टर म्हणाल्या. "दाबून पुसा. एकाच दिशेने. गॉझ काळा यायचा थांबेपर्यंत."

माईंनी दोन्ही डिस्क पुसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सिस्टर एकदा म्हणाल्या, "डिस्कवर नको," आणि माईंनी मान बाजूला केली.

नवे पॅड डिस्कवर घासून बसवावे लागतात, म्हणून ऋतुजाने कंपाउंडमध्ये गोल गोल फिरून पुन्हा पुन्हा ब्रेक लावले. मग ती गेटपाशी येऊन थांबली. माई, सिस्टर, मी, वॉचमन, सगळे तिथे. गुडघ्याला पट्टी. खाली तो उतार.

"आई," तिने हळूच विचारलं, "आजच्या दिवस उतरून जाऊ?"

सिस्टर खाली वाकल्या. दोन्ही डिस्कवर पांढरा कोरा गॉझ फिरवला, उजेडात धरून बघितला. पांढराच होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "बसून जा."

ती बसून गेली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ऋतुजा खाली कोपऱ्यावर एक पाय टेकून उभी होती, आणि हात वर करून हलवत होती. माईंनी सिस्टरांचं मनगट धरलं होतं. टायर धरताना त्या मनगटाला लागलेले काळे डाग माईंच्या बोटांवर उमटले होते, आणि दोघींच्याही ते लक्षात नव्हतं.

ऋतुजाची निवड झाली. ती पुण्याला गेली, तिथे तिला नवी सायकल मिळाली. ही घरीच राहिली. सिस्टर दर रविवारी ती तितकीच मन लावून पुसायच्या, आणि "काउंट?" विचारलं की आता माई मोजायच्या. पुढे घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, घर सोडावं लागलं. सिस्टरांनी मुलुंडला जागा बघितली.

सामानाचा टेम्पो चढ चढेना म्हणून खाली बसच्या रस्त्यावर उभा होता. सायकल गाद्यांसोबत उचलायला हमाल पुढे झाला, तर "हात मागे!" सायकल त्या स्वतः खाली नेणार होत्या. चालवता येत नव्हती, म्हणजे हातात धरूनच. त्या गेटबाहेर पडल्या आणि गॅलरीतून बघणाऱ्या माई एकदम म्हणाल्या, "मृणाल, माझ्या चपला दे." मी म्हटलं, माई, तुमचे गुडघे! तो उतार आहे! पण त्या लिफ्टपाशी पोचल्यासुद्धा.

वरून मला दोघी दिसत होत्या. सिस्टरांचे हात हँडलवर, माईंचा एक हात मागे सीटवर. अगदी सावकाश चालल्या होत्या. निम्म्या वाटेत त्या थांबल्या. सिस्टर खाली वाकल्या, पेडलपाशी काहीतरी करत राहिल्या. माई सीट धरून उभ्या होत्या. मग परत चालायला लागल्या आणि खाली बसच्या रस्त्याच्या कोपऱ्याआड दिसेनाशा झाल्या.

माई रिक्षाने वर आल्या. पाणी प्यायल्या, गुडघे चोळत बसल्या. मी विचारलं, "मधेच थांबलात कशाला?"

"मला चालवेना गो. मी काही बोलले नाही, पण तिला कळलं. म्हणाली, थांबा माई, चेन पडलेय."

"पडली होती?"

"नाही," माई म्हणाल्या. "चेन जागेवर होती."